भागूतात्या शर्यतीत होते की नव्हते?

माघातल्या दुसऱ्या रविवारी डिंभ्याहून भीमाशंकरच्या रस्त्याने घाट चढणारी धावण्याची शर्यत झाली. त्यानंतरच्या गुरुवारी संयोजन समितीने सौ. अलका भोर यांचा त्यांच्या वयोगटातील दुसरा क्रमांक रद्द केला. होळीच्या आदल्या दिवशी मी लेखी आक्षेप दिला. गुढीपाडव्यानंतर समितीचे पहिले उत्तर आले, अक्षय्य तृतीयेनंतर दुसरे, आणि ही दोन उत्तरे एकमेकांना खोटे पाडतात. आषाढात भागूतात्या गेले. आज दसराही उलटला. तिसरे उत्तर नाही.

मी ज्यांना जबाबदार धरतो ते असे : प्रथम, समितीचे अध्यक्ष, ज्यांनी दोन्ही उत्तरांवर सही केली आणि ती एकत्र वाचण्याची तसदी घेतली नाही. दुसरे, वेळनोंदणी करणारे गृहस्थ, ज्यांच्या मते यंत्राने पाहिले नाही ते घडलेच नाही. तिसरे, भागुजी कोकरे ऊर्फ भागूतात्या, राहणार पिंपळवंडी, मयत.

तिसऱ्या इसमाविरुद्धच्या माझ्या तक्रारी सर्वांत जुन्या आहेत. म्हणून आरंभ त्यांच्यापासून.

भागूतात्या बैलगाडा शर्यतींचे निवेदक होते. जुन्नर-आंबेगावातल्या कोणत्याही यात्रेत, घाटाच्या, म्हणजे गाडे पळतात त्या चढाच्या, कडेला मचाणावर, डोक्याला लाल पटका बांधून उभा असलेला आणि गाडा सुटताच "भिर्रर्र" अशी आरोळी ठोकून दोन डोंगर जागे करणारा माणूस ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्यांचे वर्णन नको. त्यांचे वाडवडील मेंढ्यांमागे हिंडले. ते स्वतः बैलांमागे हिंडले. साठी उलटल्यावर त्यांनी माणसांमागे लागण्याचे ठरवले, आणि येथून माझा त्रास सुरू झाला.

पिंपळवंडीतल्या आठदहा स्त्रीपुरुषांना त्यांनी पहाटे धावायला लावले होते. त्यात दूध संकलन केंद्र चालवणाऱ्या अलका भोर होत्या, बाकीचे येत-जात असत. भागूतात्या सर्वांपुढे, पायात जावयाने दिलेले मापाने मोठे बूट, त्यांच्या टोकाला मेंढीची लोकर कोंबलेली, आणि खांद्याला कर्णा. त्या कर्ण्यातून ते धावता धावता गावाला निवेदन करीत. कोण आले, कोण आले नाही, कोण दारापर्यंत येऊन परत गेले, हे सारे सूर्य उगवण्यापूर्वी कालव्यापासून वेशीपर्यंत ऐकू जाई.

मी तालुक्याच्या न्यायालयात बेलीफ होतो. समन्स आणि नोटिसा बजावण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. निवृत्तीनंतर मनुष्याला पहाटेची झोप मिळण्याचा हक्क आहे आणि सूर्योदयापूर्वी ध्वनिक्षेपक वाजवण्यास कायद्याची मनाई आहे, अशा आशयाचा अर्ज मी ग्रामपंचायतीला दिला. प्रत पोलीस चौकीला.

भागूतात्यांनी ग्रामपंचायतीत तोंडी खुलासा केला. उसाला लागून रस्ता आहे, उसात बिबट्या आहे, वन खात्याच्या फलकावर "समूहाने जावे, मोठ्याने बोलत जावे" असे लिहिले आहे. आम्ही समूहाने जातो आणि मोठ्याने बोलतो. बेलीफसाहेबांनी फलकावर दावा लावावा.

खुलासा कायदेशीरदृष्ट्या चोख होता. त्यामुळे माझा संताप अधिकच वाढला. चौकीतल्या हवालदारांनी मला सांगितले की आधी त्यांना लेखी समज द्या, ती मिळाल्याची सही घ्या, मग बघू. मी त्याच दुपारी समज तयार केली आणि दुसऱ्या पहाटे दारात उभा राहिलो.

येथे वाचकांना बजावणीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. इसम सापडत नसेल तर नोटीस दारावर चिकटवता येते. इसम डोळ्यांसमोर असताना ती चिकटवणे हा बेलीफाचा आळस होय. मी उभ्या नोकरीत तो केला नाही. कागद हातात द्यायचा आणि सही घ्यायची. अडचण एवढीच होती की हा इसम थांबत नव्हता.

"द्या की राव," ते पळता पळता म्हणाले. "पन मी थांबनार न्हाई. माजी जनावरं गार पडत्यात."

ही जनावरे म्हणजे गावातील प्रतिष्ठित नागरिक होते. मी कागद उंचावून त्यांच्या मागे गेलो. कोपऱ्यावरच्या विहिरीपर्यंत गेलो आणि विहिरीचा कठडा धरून उभा राहिलो. कर्ण्यातून गावाला कळले की बेलीफसाहेब सरकारी कागदासह मैदानात उतरले आहेत, सुटले चांगले, पण दम तोकडा पडला.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीच्या पुढे गेलो. हे मी व्यायामासाठी केले नाही, हे नमूद करतो. पुढच्या आठवड्यात कालव्याच्या पुलापर्यंत. हा मनुष्य माझ्यापासून नेहमी दोन हात पुढे असे. मी वेग वाढवला की तो वाढवी, मी मंदावलो की तोही मंदावे, जणू कागद घ्यायला तो उत्सुकच आहे आणि केवळ योग जुळत नाही. मधूनच मान वळवून तो माझी पाहणी करी. एकदा म्हणाला, "बेलीफसाहेब, वशिंड पाठीवर पायजे. तुमचं पुढं आलंय." अलकाबाई हसल्या. मी त्यांनाही समज देण्याचा विचार केला होता.

शेवटी टेकडीवरच्या म्हसोबापाशी, चढाच्या अगदी माथ्यावर, ते थांबले. त्यांनी कागद घेतला, सावकाश वाचला, "मिळाली" असे लिहून वळणदार सही केली आणि मला विचारले, की आपण कुठे उभे आहोत ते पाहिले का. खाली आमचे गाव हाताच्या तळव्याएवढे दिसत होते. नोकरीत असताना या टेकडीवर बजावणीला येताना मी दोनदा बसत असे.

समजेचे त्यांनी तंतोतंत पालन केले. दुसऱ्या दिवसापासून कर्णा सूर्योदयानंतरच वाजू लागला. मात्र तोवर मला पहाटे जाग येण्याची सवय लागली होती आणि अंथरुणात नुसते पडून राहणे असह्य झाले होते. हे नुकसान भरून कोण देणार, असा अर्ज मी लिहायला घेतला. कोणाच्या नावाने द्यावा हे ठरेना.

पुढे थंडी पडली आणि एका सकाळी मी गेलो नाही. कारण काहीही नव्हते. रजई चांगली होती. सूर्य उगवताच कर्णा माझ्या घराजवळून गेला आणि अत्यंत हळव्या स्वरात त्याने गावाला कळवले की बेलीफसाहेबांची तब्येत बरी नसावी, इतका नेमाचा माणूस उगाच राहणार नाही, तरी ज्यांना शक्य असेल त्यांनी भेटून यावे.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणे हे टाळता येत नाही. न्याहारीच्या आतच माणसे येऊ लागली. शेजारच्या शेवंताबाई शहाळे घेऊन आल्या. माजी सरपंच बिस्किटांचा पुडा घेऊन आले आणि पलंगाशेजारी बसून, त्यांच्या चुलत्याला असेच साधे वाटले होते आणि मग कसे झाले, याची हकीकत सांगू लागले. ज्याच्यावर मी बांधाच्या वादात समन्स बजावले होते तो गृहस्थही आला आणि झाले गेले विसरून जा म्हणाला. मी ठणठणीत आहे असे सांगितले की लोक एकमेकांकडे बघत आणि आवाज खाली आणत. आमच्या सौ. दुपारपर्यंत चुलीपुढून हलल्या नाहीत. चहा, साखर आणि शेवटी दूध संपले. संध्याकाळी खुद्द भागूतात्या आले, उरलेल्या शहाळ्यातले पाणी प्यायले, धावण्याविषयी एक अक्षर न बोलता पावसापाण्याच्या गप्पा मारून निघून गेले.

त्या दिवसानंतर मला उठवण्याचे काम सौ.नी स्वतःकडे घेतले. "अहो, जा," त्या म्हणत, "नाहीतर लोक येतील." गावातल्या प्रत्येक घरात हाच संवाद होऊ लागला. भागूतात्यांनी कोणालाही चल म्हटले नाही. त्यांनी न येणे महाग करून ठेवले.

यापेक्षा विचित्र त्यांची दुसरी सवय होती. ते धावू देत नसत. पाय मोकळे झाले, श्वास लागला, आता कालव्याच्या पलीकडे जाऊ असे वाटू लागले की नेमके त्याच ठिकाणी ते हात आडवा धरीत. "झालं. घरी जा." अलकाबाईंना याचा भयंकर राग येई. त्या शर्यतीची नोंदणी करून आल्या होत्या. दुधाच्या केंद्रावर लोक "गवळण घाटात पळणार म्हणे" असे म्हणून हसत, आणि घरचेही त्यात सामील होते. त्यांना रोज अंतर वाढवायचे होते. एकदा त्या हाताखालून निसटून पुढे गेल्या तेव्हा तात्यांनी कर्णा तोंडाला लावला आणि दुधाचे केंद्र आज बंद राहणार असल्याचे जाहीर केले. बाई परत फिरल्या.

"तात्या, मला अजून पळायचंय ना," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"म्हनूनच थांबवली," तात्या म्हणाले. "बैलाला सरावात पुरा घाट दावायचा न्हाई. अर्ध्यातनं माघारी आनायचा. मग तो रातभर दावनीला पाय आपटतो. सकाळी दोन मान्सं लागत्यात धरायला. तुला आज पोटभर पळू दिली, तर उद्या तू निजून ऱ्हाशील. ह्यो बेलीफ बघ, कसा निजला व्हता."

माझे उदाहरण अनावश्यक होते. परंतु हे मी मान्य करतो की दुसऱ्या दिवशी अलकाबाई सर्वांच्या आधी कालव्यावर उभ्या होत्या आणि पाय आपटत होत्या.

माघापर्यंत असे चालले. दोनदोन दिवसांनी ते कोणालातरी अर्ध्यात परत पाठवीत आणि तो माणूस चिडून दुसऱ्या दिवशी लवकर येई. कंटाळलेल्याला ते वगळत असत. म्हणजे त्याच्या घरापुढून सगळे गेले की कर्णा त्याचे नाव सोडून बाकी सर्वांची नावे घेई. दोन दिवस नाव न ऐकलेला माणूस तिसऱ्या दिवशी आपण होऊन उंबऱ्याबाहेर येऊन उभा राही. मी या पद्धतीस मानसिक छळ म्हणून नोंदवले होते.

आता शर्यतीकडे येतो. येथून पुढे मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे. मी कमी अंतराच्या शर्यतीत होतो, ती आधी संपली आणि मी वर अंतिम रेषेपाशी, बांबूच्या कठड्याला टेकून उभा होतो.

मोठ्या शर्यतीत अलकाबाई होत्या आणि भागूतात्याही होते. दोघांनी रीतसर नोंदणी केली होती, दोघांच्या छातीवर क्रमांक होता, दोघांच्या बुटाला वेळ नोंदवणारी पट्टी होती. कर्णा आणण्यास मनाई होती. तात्यांनी तो माझ्या ताब्यात दिला आणि त्याची पोचपावती मागितली. मी दिली.

धुक्यातून प्रथम लाल पटका दिसला. तात्या दोन हात पुढे, अलकाबाई मागे. चढाचा शेवटचा टप्पा होता. बाईंची मान खाली होती आणि नजर तात्यांच्या टाचांवर होती. तात्या एकही शब्द बोलत नव्हते. बाई मंदावल्या की ते मंदावत, बाईंनी पाऊल टाकले की ते टाकत. हे दोन हातांचे अंतर माझ्या पूर्ण परिचयाचे होते. दोघी बायका त्यांच्या मागे पडल्या. मग रेषेच्या अलीकडे, जिथे वेळ नोंदवणारी रबरी चटई पसरली होती, तिथे तात्या सरळ न जाता बाजूला वळले आणि चटई आणि कठडा यांच्यामधल्या फटीतून बाहेर निसटले. अलकाबाई चटईवरून गेल्या आणि पलीकडे गुडघ्यांवर बसल्या.

तात्या धापा टाकत शहरातून आलेल्या तरुण निवेदकापाशी पोहोचले. "भाऊ, बाईचं नाव नीट घे," ते म्हणाले. "अलका भोर, पिंपळवंडी. आवाज पोटातून काढ." त्या मुलाने प्रयत्न केला. तात्यांना तो पसंत पडला नाही. त्यांनी त्याच्या हातातला माइक घेतला आणि भीमाशंकरच्या जंगलाने पूर्वी कधी ऐकली नसेल अशी आरोळी दिली. शेकरू सुद्धा झाडावरून उतरले असते.

मी त्यांना विचारले की इतके धावून चटईवर पाय का ठेवला नाही. ते माझ्याकडे, मी नवखा असल्यासारखे पाहत राहिले.

"घोडीचा टाइम कोन लावतं का, बेलीफसाहेब?"

ज्यांनी आमच्याकडचा घाट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलगाड्याच्या पुढे एक घोडी धावते, तिच्यावर स्वार असतो. बैल तिच्या मागे सुटतात. घोडी नसेल तर बैल कुठे बघणार? परंतु घड्याळ लावतात ते गाड्याला. बक्षीस गाड्याला, गुलाल बैलांना. घोडीने किती वेळात घाट चढला, हे आजवर कोणी विचारलेले नाही. तात्यांनी हयात त्या घाटावर काढली होती. बाईंच्या पुढे धावणाऱ्याने चटईवरून जाऊन आपलीही वेळ लावून घेणे त्यांना अशोभनीय वाटले. चूक म्हणायची तर एवढीच.

गुरुवारी समितीचा निर्णय आला. सौ. भोर यांनी "शर्यतीबाहेरील व्यक्तीची" मदत घेतली, सबब त्यांचा क्रमांक रद्द. दुधाच्या केंद्रावर पुन्हा हशा सुरू झाला. बाईंनी सन्मानचिन्ह परत पाठवले आणि दोन दिवस कालव्यावर आल्या नाहीत. या वेळी कर्ण्याने गावाला काहीही कळवले नाही.

तिसऱ्या दिवशी भागूतात्या माझ्या ओट्यावर येऊन बसले. मी त्यांना बसलेले फारसे पाहिले नव्हते.

"आता तुमचा कागद काढा," ते म्हणाले. "लिवा, चूक माजी. भागू कोकरे लबाड हाय म्हनून लिवा. मला काढा, तिला ठिवा."

मी सांगितले की खोटे प्रतिज्ञापत्र मी लिहिणार नाही. तेवढ्यात अलकाबाईच आल्या. त्यांना कोणीतरी सांगितले असावे. तात्याला लबाड ठरवून मिळणारा नंबर मी दुधात बुडवीन, असे त्या तात्यांवर रागावून म्हणाल्या. मग मी नियमावली मागवली, ती येईपर्यंत होळी आली, आणि मी खरे ते लिहिले. तात्या शर्यतीबाहेरील नव्हते. ते नोंदणीकृत स्पर्धक होते, आणि एका स्पर्धकाने दुसऱ्याच्या पुढे धावणे यालाच शर्यत म्हणतात. समितीच्या नियमावलीत त्यास मनाई असल्याचे मला कुठे आढळले नाही.

समितीने उत्तर दिले की श्री. कोकरे हे स्पर्धक नसून बाहेरून धावणारे साहाय्यक होते. मी त्यांच्या नोंदणीची पावती पाठवली. दुसरे उत्तर आले : नोंदणी मान्य, परंतु अंतिम रेषेवर त्यांची नोंद नाही, सबब ते धावलेच नाहीत असे मानण्यात येते. मी अर्ध्या वाटेवरच्या चटईच्या नोंदींचा उतारा पाठवला. तिथे एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असल्याने तात्यांना चटई टाळता आली नव्हती, आणि त्यांची नोंद अलकाबाईंच्या नोंदीच्या लगेच आधी आहे. त्यावर समिती गप्प आहे.

भागूतात्यांना मी शेवटचे पाहिले ते आषाढातल्या एका उघडिपीच्या सकाळी. अलकाबाई परत येऊ लागल्या होत्या, आणि केंद्रावर हसणाऱ्या बायकांपैकी दोघी त्यांच्याबरोबर होत्या. कालव्याच्या पुलावर तात्या थांबले. छातीला हात लावून नव्हे, सहज, भिंतीवर बसायला थांबावे तसे. अलकाबाईही थांबल्या. तात्यांनी त्यांना हाताने पुढे घातले.

"माज्याकडं नको बघू," ते म्हणाले. "मागं दोगी हायेत, त्यांच्याकडं ध्यान दे. दोन हात. जास्त न्हाई."

त्या गेल्या. त्या दोघी त्यांच्या टाचांकडे बघत गेल्या. तात्या पुलाच्या कठड्यावर बसून त्यांच्याकडे पाहत राहिले, आणि मी जवळून गेलो तेव्हा मलाही चालते व्हा अशी खूण केली. मी गेलो. परत येईपर्यंत ते घरी गेले होते. दोन दिवसांनी दुपारी, जेवून, ओसरीवर आडवे झाले ते उठले नाहीत.

समितीच्या संकेतस्थळावर त्यांच्या नावापुढे आजही "शर्यत अपूर्ण" असे आहे आणि अलका भोर हे नाव नाही.

म्हणून समितीच्या अध्यक्षांना माझा जाहीर प्रश्न आहे. भागुजी कोकरे त्या रविवारी शर्यतीत होते, की नव्हते? होते म्हणत असाल, तर सौ. भोर यांनी बाहेरच्या कोणाचीही मदत घेतलेली नाही, त्यांचा क्रमांक परत द्या. नव्हते, ते धावलेच नाहीत, म्हणत असाल, तर ज्या माणसाने त्यांना मदत केली म्हणता तो कोण, हे सांगा. दोन्ही उत्तरे एकाच वेळी ठेवता येणार नाहीत. मला खासगी पत्र नको, ते मी स्वीकारणार नाही. पुढच्या शर्यतीची नोंदणी उघडण्यापूर्वी, पिंपळवंडीच्या चावडीपुढे, सूर्योदयानंतर, आपण स्वतः उभे राहून उत्तर द्यावे, आणि ते दुधाच्या केंद्रापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने द्यावे.